मैत्रिणीला ल्युपस झालाय: जवळच्या माणसाने काय करायचं, काय टाळायचं

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्याचं निदान होईपर्यंत बहुतेक जणींचे कित्येक महिने, कधी काही वर्षं, नुसत्या शंकेत गेलेली असतात. सांधे दुखतात, पण एक्स-रेमध्ये काही सापडत नाही. बारीक ताप येतो आणि जातो. केस गळतात, तोंडात फोड येतात, दुपारनंतर उभं राहवत नाही, आणि आजूबाजूचे म्हणतात, "टेन्शन फार घेतेस तू." त्यामुळे डॉक्टर आजाराचं नाव सांगतात तेव्हा तिला हादरा तर बसतोच, पण त्याच दिवशी थोडं सुटल्यासारखंही वाटू शकतं. आपण उगाच कुरकुरत नव्हतो, हे एकदाचं सिद्ध झालेलं असतं. ती शांत दिसली म्हणून तिला गांभीर्य कळलेलं नाही असं समजू नका, आणि ती कोसळली म्हणून लगेच सावरायला धावू नका.

ल्युपस होणाऱ्या दर १० जणांमध्ये साधारण ९ बायका असतात आणि तो बहुतेक वेळा १५ ते ४५ या वयात सुरू होतो, म्हणून पुढे सगळीकडे ‘मैत्रीण’ असं लिहिलंय. मित्राला झाला असेल तरी हेच सगळं लागू आहे. त्याला "हा तर बायकांचा आजार" हे जास्तीचं ऐकावं लागतं, एवढाच फरक. ल्युपसचे काही प्रकार फक्त त्वचेपुरते असतात. इथे बोलतोय ते शरीरातल्या अनेक अवयवांवर परिणाम करणाऱ्या प्रकाराबद्दल, ज्याला डॉक्टर एसएलई म्हणतात.

सुरुवातीलाच एक कसोटी ठरवून घ्या: तुमच्या मदतीमुळे तिचं काम वाढता कामा नये. आजार समजावून सांगणं, तुमची घालमेल शांत करणं, सारखे आभार मानणं, "काय हवं ते सांग" याला उत्तर शोधणं ही सगळी कामंच आहेत, आणि सध्या तिच्याकडे त्यासाठी ताकद नाही.

पायरी १: पहिल्या बोलण्यात तुम्ही कमी बोला

"ऐकून वाईट वाटलं. मी आहे. आज मी काही विचारत नाही, तुला वाटेल तेवढं सांग." पहिल्या फोनला एवढं पुरतं. नेमके शब्द सुचले नाहीत तर "काय बोलावं कळत नाहीये" असं म्हटलेलंही चालतं.

विचारायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा: हे कुणाकुणाला सांगितलंयस आणि मी कुणाला सांगितलेलं चालेल? ऑफिसात, नातेवाइकांत, मित्रमंडळींत ही बातमी कधी आणि किती पोचवायची हे तिने ठरवायचं. तुम्ही काळजीपोटी चार जणांना सांगितलंत, तर त्या चार जणांचे फोन तिलाच घ्यावे लागतील.

काही वाक्यं मात्र गिळून टाका. "पण तू आजारी दिसत नाहीस" हे कौतुक म्हणून म्हटलं जातं आणि आरोपासारखं ऐकू येतं. "अगं, मीपण हल्ली फार थकते" हे तर नकोच. आणि ओळखीतल्या कुणाच्या तरी किडन्या गेल्या ही गोष्ट खरी असली तरी तुमच्यापाशीच ठेवा.

पायरी २: आजार समजून घ्या, पण तिच्याकडून नाही

शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढते. ल्युपसमध्ये ती स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, बनवू लागते. त्यातून जिथे जिथे दाह होतो तिथे तिथे त्रास होतो: त्वचा, सांधे, रक्तपेशी, किडनी, फुप्फुसांची आणि हृदयाची आवरणं, कधी मेंदू. म्हणून दोन ल्युपसच्या रुग्णांची लक्षणं जुळतीलच असं नाही. गालांवर आणि नाकावर फुलपाखराच्या आकाराची लाली हे प्रसिद्ध लक्षण, पण ते सगळ्यांना नसतं.

तो संसर्गजन्य नाही. कॅन्सर नाही. तिच्या खाण्यापिण्यामुळे किंवा स्वभावामुळे झालेला नाही. जनुकं, हार्मोन्स आणि ऊन किंवा संसर्गासारखी बाहेरची कारणं यांच्या गुंत्यातून तो होतो. पूर्ण बरं करणारा उपाय अजून नाही, पण ताब्यात ठेवणारे उपाय आहेत. १९५०च्या दशकात निदानानंतर ५ वर्षं जगणारे रुग्ण जेमतेम निम्मे होते; आज चांगले उपचार मिळाले तर १० वर्षांनंतरही सुमारे ९० टक्के रुग्ण जिवंत असतात. इंटरनेटवर जुनी माहितीही तशीच पडून असते, म्हणून वाचताना ती कधी लिहिली आहे ते आधी बघा.

दोन शब्द तिच्या बोलण्यात सारखे येतील. ‘फ्लेअर’ म्हणजे आजार उसळणं आणि ‘रेमिशन’ म्हणजे तो शांत असणं. या दोन्हींमधल्या अवस्थेतच बराच काळ जातो.

एएनए ही अशा अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी ल्युपसच्या जवळपास सगळ्या रुग्णांमध्ये पॉझिटिव्ह येते, पण निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे निदान एका कागदावर होत नाही. लक्षणं, अँटी-डीएसडीएनएसारख्या अँटीबॉडीच्या तपासण्या, रक्तातल्या सी३ आणि सी४ या प्रथिनांची पातळी, रक्तपेशींची संख्या, लघवी असं सगळं जोडून होतं. हे माहीत असलं की "माझ्या ओळखीत एकीची एएनए पॉझिटिव्ह होती, तिला काहीच झालं नाही" असं बोलायचा मोह टळतो.

पायरी ३: डॉक्टरांकडे सोबत जा

माझ्या मते पहिल्या तीन-चार महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडणारी मदत हीच. ल्युपसचे मुख्य डॉक्टर म्हणजे सहसा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, अर्थात संधिवाततज्ज्ञ. भेट थोडक्यात आटोपते, माहिती भरपूर असते आणि घाबरलेल्या माणसाला त्यातलं निम्मंही आठवत नाही.

आदल्या दिवशी पंधरा मिनिटं तिच्यासोबत बसा. गेल्या भेटीनंतर काय काय झालं ते तिने सांगायचं, तुम्ही लिहायचं. शेवटी तिच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे तीन प्रश्न निवडून कागदाच्या वर लिहा. दहा प्रश्न नेले की तिसऱ्यालाच वेळ संपते. पुरळ, सुजलेले सांधे, थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटं यांचे फोटो आधीच काढून ठेवायला सांगा, कारण तपासणीच्या दिवशी नेमकं सगळं गायब असतं आणि डॉक्टरांसमोर "परवा होतं हो" असं म्हणायची पाळी येते. घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी लागते, त्यात डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या गोळ्या, काढे, पावडरीही आल्या.

आत जाण्यापूर्वी तिला विचारा: तपासणीच्या वेळी मी बाहेर थांबू का? आत तुमचं काम लिहिण्याचं आहे. प्रश्नाचं उत्तर तिला द्यायचं आहे. ती अडखळली तरी वाक्य तुम्ही पुरं करू नका. फक्त तीन ठरलेल्या प्रश्नांपैकी एखादा राहिला तर आठवण करून द्या. बाहेर पडल्यावर लगेच चर्चा नको. नोंदी नीट उतरवून संध्याकाळी पाठवा: कोणतं औषध, किती, कधी, पुढची तपासणी कोणती, काय झालं तर फोन करायचा.

पहिल्या काही भेटींत विचारण्यासारखे प्रश्न असे: सध्या कोणत्या अवयवांवर परिणाम दिसतोय? लघवीतून प्रथिनं जातायत का? अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवणाऱ्या) तपासल्या का? कोणत्या लसी घ्यायच्या, कोणत्या टाळायच्या? रात्री-बेरात्री त्रास झाला तर कुणाला गाठायचं?

लघवीच्या तपासणीचं महत्त्व तुम्हाला ठाऊक असायला हवं. ल्युपसच्या बऱ्याच रुग्णांमध्ये, काही पाहण्यांनुसार ४० टक्क्यांपर्यंत, कधी ना कधी किडनीवर परिणाम होतो आणि सुरुवातीला तो अजिबात दुखत नाही. ‘बरं वाटतंय, मग कशाला तपासणी’ हा विचार इथे महागात पडतो. तिची चालढकल दिसली तर उपदेश करू नका. "शनिवारी सकाळी लॅबला जाऊ, मी न्यायला येते" असं सांगा.

आणि एक फाइल. तारखेप्रमाणे लावलेले रिपोर्ट, वर एका पानावर निदान, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचं नाव. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते तुम्ही करा.

पायरी ४: औषधांच्या पहिल्या महिन्यांत

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मूळचं मलेरियाचं औषध ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला दिलं जातं. ते फ्लेअर कमी करतं, पण सावकाश: परिणाम जाणवायला काही आठवडे ते काही महिने लागतात. पहिल्या महिन्यात "काही फरक पडत नाही, सोडून देते" हे वाक्य येतं. तेव्हा ते संथ असल्याची फक्त आठवण करून द्या. दीर्घकाळ घेतल्यास डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होण्याची शक्यता असते, म्हणून सुरुवातीला डोळे तपासतात आणि साधारण ५ वर्षांनंतर दर वर्षी, कुणाकुणाच्या बाबतीत त्याआधीपासूनच.

स्टेरॉइडचं तसं नाही. ते झटपट काम करतं आणि त्याची किंमतही झटपट दिसते. चेहरा गोल होतो, भूक खवळते, झोप उडते, मूड वरखाली होतो. एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून ती तुमच्यावर भडकेल आणि तासाभराने रडेल. ते मनाला लावून घेऊ नका. तिच्या वजनावर, चेहऱ्यावर, केसांवर कौतुकाचंही वाक्य नको. मात्र एका गोष्टीत ठाम राहा: बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड स्वतःच्या मनाने अचानक थांबवायचं नाही. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे स्टेरॉइडसारखं नैसर्गिक हार्मोन, बनवणं मंद करतं आणि औषध एकदम बंद झालं तर जिवावर बेतू शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, हळूहळू. गोळ्या संपत आल्या असतील तर आणून देणं ही छोटी पण महत्त्वाची मदत आहे.

आजार जास्त असेल तर मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन, सायक्लोफॉस्फमाइड यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली जातात. बेलिमुमॅब हे खास ल्युपससाठीचं जैविक औषध अमेरिकेत २०११ साली मंजूर झालं, अ‍ॅनिफ्रोलुमॅब २०२१ मध्ये. सगळ्यांनाच त्यांची गरज पडते असं नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: तुम्हाला सर्दी, ताप, जुलाब असेल तर भेटायला जाऊ नका, आधी कळवा. स्वतःच्या लसी वेळेवर घ्या. तिला जिवंत विषाणूंपासून बनवलेल्या लसी चालतील का हे मात्र तिचे डॉक्टरच सांगतील.

गर्भधारणेचा विषय तुम्ही काढू नका. तिने काढला तर एवढं सांगा की ल्युपस असूनही अनेकींना मुलं होतात, पण आजार किमान सहा महिने शांत असावा लागतो आणि मायकोफेनोलेटसारखी औषधं आधीच बदलावी लागतात, म्हणून डॉक्टरांशी आगाऊ बोलणं गरजेचं.

पायरी ५: थकव्याशी वाद घालू नका

ल्युपसमध्ये सगळ्यात जास्त छळणारी आणि इतरांना सगळ्यात कमी पटणारी गोष्ट म्हणजे थकवा. तो झोपेने भागत नाही. आठ तास झोपून उठल्यावरही अंघोळ केली की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. काल ती दोन तास हसत-खेळत होती आणि आज फोन उचलत नाही, यात खोटं काहीच नाही. कालच्या दोन तासांची वसुली आज चालू आहे.

म्हणून बेत आखण्याची पद्धतच बदला. भेट ठरवतानाच सांगा, "तासभर आधी रद्द केलंस तरी चालेल, कारण द्यायची गरज नाही." आणि रद्द झाल्यावर खरोखरच काही म्हणू नका, ‘अरेरे’सुद्धा नको. सहाव्यांदा रद्द झालं तरी सातव्यांदा बोलवा. लोक बोलावणं बंद करतात ते बहुधा तिला त्रास नको म्हणून, पण तिच्यापर्यंत पोचतं ते एवढंच की आपल्याला वगळलं.

भेटीचा आकार लहान ठेवा. बसायला जागा, जवळ स्वच्छतागृह, लवकर निघण्याची मोकळीक. कित्येकदा सगळ्यात छान भेट म्हणजे तिच्याच घरी, ती पलंगावर आणि तुम्ही खुर्चीत, दोघी आपापलं काहीतरी वाचतायत. तुम्ही येणार म्हणून तिने घर आवरायला घेतलं तर भेटीचा हेतूच फसला, तेव्हा आल्या आल्या बेसिनमधली भांडी घासायला घ्या आणि त्याबद्दल काही बोलू नका.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य मनापासूनचं असतं, पण त्याचं उत्तर नेहमी "नाही, ठीक आहे" हेच येतं. त्याऐवजी ठरावीक गोष्ट, ठरावीक वेळ आणि नकाराची सोय एकत्र द्या. "गुरुवारी संध्याकाळी मी बाजारात जातेय, यादी पाठव. नाही पाठवलीस तर दूध आणि फळं आणते." "मुलांना शनिवारी तीन तास माझ्याकडे सोड." "विम्याचे फॉर्म मला दे, मी भरून आणते, तू फक्त सही कर." हे तिसरं तर सोन्याहून मोलाचं, कारण ल्युपसमध्ये अनेकींना डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं: शब्द आठवत नाहीत, एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. तीच गोष्ट तिने दुसऱ्यांदा विचारली तर "आत्ताच सांगितलं ना" असं न म्हणता पुन्हा सांगा.

आता दुसरी बाजू. ज्या दिवशी तिला बरं वाटतंय त्या दिवशी तिला काम करू द्या. "तू बस, मी करते" हे दहाव्यांदा ऐकलं की माणूस चिडतो, आणि ते बरोबरच आहे. झेपेल तितकं चालणं, हलका व्यायाम हे थकव्यावर उपयोगीच पडतं. तुमची नेमणूक पहारेकरी म्हणून झालेली नाही.

पायरी ६: ऊन

उन्हातल्या अतिनील किरणांनी ल्युपस उसळू शकतो, आणि फक्त त्वचेवर नाही. ताप, सांधेदुखी, थकवा असं सगळं मागाहून येऊ शकतं. त्यातले काही किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. म्हणून बेत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवा, सावलीची खुर्ची तिला द्या, गाडीत उन्हाची बाजू तुम्ही घ्या. ५० एसपीएफचं सनस्क्रीन तुमच्याही पिशवीत असू द्या. बाहेर असताना ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. लांब बाह्या आणि रुंद काठाची टोपी यावरून चेष्टा नको.

पायरी ७: सल्ल्यांची रांग थोपवा

निदान कळलं की प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. त्यातला सगळ्यात फसवा म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काहीतरी. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आधीच नको तिथे नको तेवढी जागी आहे. तिला आणखी चेतवणारी गोष्ट भेट म्हणून नेऊ नका. इकिनेशिया आणि अल्फाल्फा, विशेषतः त्याचे मोड, ल्युपसच्या रुग्णांनी टाळावेत असं सांगितलं जातं. इतर कुठलीही पावडर, काढा किंवा गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवायची, ‘नैसर्गिक’ असली तरी. दुखण्यावरच्या काही साध्या गोळ्याही किडनीवर परिणाम असेल तर चालत नाहीत, तेव्हा तुमच्या पर्समधली गोळी पटकन काढून देऊ नका.

इथे तुम्ही खरोखर ढाल होऊ शकता. नातेवाइकांच्या गप्पांत कुणी "औषधं सोड, हे घे" असं सुरू केलं तर तिच्या वतीने भांडायची गरज नाही. "तिचे डॉक्टर बघतायत" एवढं म्हणून विषय बदला. ती स्वतः धूम्रपान करत असेल तर ते सोडणं फार फायद्याचं आहे, कारण धूम्रपानाने ल्युपस बळावतो. पण हे एकदाच सांगा, आणि तुम्ही ओढत असाल तर तिच्यासमोर नको.

पायरी ८: वाट बघायची नाही अशी लक्षणं

ही यादी फोनमध्ये ठेवा. छातीत दुखणं किंवा दम लागणं, फिट येणं, अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, शरीराची एक बाजू लुळी पडणं, आजवर कधीच नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, एकाच पायाला सूज आणि वेदना, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते. यातलं काहीही झालं तर मेसेज करून वाट बघू नका, थेट इमर्जन्सी गाठा आणि तिथे पहिल्या वाक्यातच सांगा: "हिला ल्युपस आहे, ही औषधं चालू आहेत." स्टेरॉइड चालू असेल तर ते आवर्जून सांगा. वर सांगितलेलं फाइलचं पहिलं पान इथेच कामाला येतं.

३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. तो फ्लेअर आहे की संसर्ग हे घरी बसून ठरत नाही. पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, फेसाळ किंवा लालसर लघवी, लघवी कमी होणं यांचंही तसंच.

मनाचंही बघा. नैराश्य ल्युपसमध्ये बरंच आढळतं, कधी परिस्थितीमुळे, कधी आजारामुळे किंवा स्टेरॉइडमुळे. ती जगण्यावरच वैतागल्यासारखं बोलली तर स्पष्ट विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा.

पायरी ९: सहाव्या महिन्यातही हजर असा

पहिल्या दोन आठवड्यांत फोनांचा पाऊस पडतो. सहाव्या महिन्यात कुणी विचारत नाही, आणि नेमकं तेव्हाच तिला कळायला लागलेलं असतं की हे आता कायमचं आहे. तपासणीच्या तारखा तुमच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवा आणि आदल्या दिवशी "उद्या मी येऊ?" एवढा मेसेज करा. बाकीचे दिवस ल्युपस सोडून बोला. तुमच्या ऑफिसातली भांडणं, फसलेली खरेदी, सगळं सांगा. आजारी आहे म्हणून तिला तुमच्या किरकोळ कटकटी सांगायच्या नाहीत असं ठरवलंत, तर तिच्याकडे तुमच्यासाठी करण्यासारखं काहीच उरत नाही.

आणि हे एकट्याने उचलू नका. तिच्या परवानगीने तीन-चार जणांचा छोटा ग्रुप करा: एक जण लॅबला नेणारा, एक जण मुलं सांभाळणारा, एक जण ‘तब्येत कशी आहे’ या सगळ्यांच्या प्रश्नाला एकत्र उत्तर देणारा. तुमचा एखादा आठवडा जमणार नसेल तर आधी सांगा, म्हणजे ती तुमच्या भरवशावर तपासणी लांबवणार नाही.